खरी गोष्ट त्या वहीत होती

"ताई, मी मूळची कराडची, वय २७. पुण्यात मास कॉम केलं आणि गेली साडेचार वर्षं मुंबईत एका प्रॉडक्शन हाऊसमध्ये आहे, आधी रिसर्चर होते, आता असिस्टंट प्रोड्यूसर. आम्ही माहितीपर कार्यक्रम करतो, शेती, पाणी, किल्ले, खाणंपिणं असं. मला डिरेक्टर व्हायचंय पण दरवेळी 'अजून थोडं शिक' एवढंच ऐकते. पगार ३८ हजार. आता एका रिअ‍ॅलिटी शोमधून ६५ हजारांची ऑफर आलीये, पंधरा दिवसांत कळवायचंय. बाबा झेडपीचे निवृत्त शिक्षक, ते म्हणतात टीव्ही आता बघतं कोण, बी.एड. कर आणि घरी ये. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाहीये. मागच्या उन्हाळ्यात माण तालुक्यात टँकरवर एपिसोड करत होतो. टँकर आला तर बायका शांतपणे आपापल्या नंबराने पाणी भरत होत्या, नंबरांची त्यांची एक वही होती. आमचे डिरेक्टर म्हणाले यात काही घडतच नाहीये, भांडण पाहिजे, आणि त्या बायकांशी बोलायला मला पाठवलं कारण माझं त्यांच्याशी जमलं होतं. त्या माझ्या शब्दाखातर हंडे घेऊन भांडल्या, हसत हसत. एडिटमध्ये हसणं कापलं, प्रोमोत तेच भांडण होतं. सगळे असंच करतात का? मी या लाईनमध्ये राहू का?"
– कराडची, सध्या गोरेगाव

अगं, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले, "नंबरांची त्यांची एक वही होती". तू अर्ध्या ओळीत सांगून पुढे गेलीस. ऑफरचं आणि डिरेक्टर कधी होणार याचं उत्तर मी देणारच आहे पण आधी या वहीबद्दल बोलू, कारण मला वाटतं बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

तर पहिलं, सगळे असंच करतात का. नाही. बरेच जण करतात, आणि जे करतात त्यांना स्वतःला ते खोटं वाटत नाही, त्यांना ते 'सीनला मदत करणं' वाटतं, म्हणूनच ते तुझ्यासारख्या नव्या मुलीला पटवून सांगता येतं. एखादी मावशी पहाटे हंडा घेऊन घराबाहेर पडली, आपला कॅमेरा अजून लागलेला नव्हता, तेव्हा "मावशी, परत एकदा याल का" असं मीही शंभर वेळा म्हटलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण ती रोज तशीच बाहेर पडते, तिचंच रोजचं ती पुन्हा करते. त्या बायकांच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. टँकरवर भांडणं व्हायची म्हणूनच त्यांनी कधीतरी बसून नंबर लावले असणार, वही घातली असणार, एखादीने ती सांभाळायची जबाबदारी घेतली असणार. आणि आपण टीव्हीवाले गेलो आणि त्यांनी जे कष्टाने संपवलं होतं तेच त्यांच्याकडून परत करून घेतलं आणि सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं की बघा या बायका कशा भांडतात. तुला जे टोचतंय ते हेच आहे आणि ते टोचणं बरोबर आहे.

हे सांगतेय ते फक्त मन दुखावण्यापुरतं नाहीये. या व्यवसायात यावरून मोठमोठी घरं हललीयेत. ब्रिटनमध्ये कार्लटन टेलिव्हिजनने १९९६ साली कोलंबियातून लंडनला होणाऱ्या हेरॉईनच्या तस्करीवर एक डॉक्युमेंटरी दाखवली, तिचं कौतुक झालं, पुरस्कार मिळाले, आणि १९९८ मध्ये 'द गार्डियन'ने उघडकीला आणलं की त्यातले महत्त्वाचे सीन रचलेले होते. त्याच वर्षी तिथल्या नियामक संस्थेने कंपनीला २० लाख पौंड दंड ठोठावला. दुसरी गोष्ट २००७ ची. बीबीसीच्या एका कार्यक्रमाच्या प्रोमोमध्ये राणी एलिझाबेथ फोटोशूटमधून चिडून निघून जाताना दाखवली, प्रत्यक्षात ते शॉट्स ती फोटोशूटला आत येत असतानाचे होते, फक्त क्रम बदलला होता. एकही शॉट खोटा नव्हता! तरी बीबीसी वनच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. मी एडिटला बसते तेव्हा ही दुसरी गोष्ट मला जास्त आठवते, कारण सीन रचणं निदान कळतं तरी, क्रम मात्र आपण रोज बदलतो, आणि तुमच्या एपिसोडमध्येही खरा खोटेपणा हसणं कापलं तिथे पूर्ण झाला.

मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवलीये. फिल्म पूर्ण झाल्यावर त्याच गावात, त्याच पारावर, ज्यांचं शूट केलं त्यांच्या शेजारी बसून मला ती बघता येईल का. बस. ज्या शॉटला मला उठून जावंसं वाटेल तो शॉट काढायचा.

ही कसोटी मला कुणी शिकवली नाही, चुकीतून आली, ती तुला सांगते. २००४ च्या आसपास विदर्भात कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या घरांवर आम्ही एक मालिका करत होतो, चॅनेलचं नाव सांगत नाही. एका बाईचा नवरा गेला होता, ती जमिनीच्या नावावरून सासरच्यांबद्दल जे बोलली ते इतकं थेट होतं की माझ्या कॅमेरामनने कॅमेरा बंद केल्यावर दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. तिची रिलीज फॉर्मवर, म्हणजे शूट केलेलं दाखवायच्या परवानगीवर, सही होती. फॉर्म इंग्रजीत होता. मी तिला तोंडी विचारलं होतं की टीव्हीवर दाखवू ना, ती हो म्हणाली होती, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. तिला टीव्ही म्हणजे मुंबईतली लोकं बघणार असं वाटलं होतं, आपला दीर आणि आपली जाऊ बघणार हे तिच्या डोक्यातच नव्हतं आणि ते तिच्या डोक्यात आणून देणं माझं काम होतं. प्रसारण झालं आणि आठवड्याभरात ती दोन मुलांना घेऊन माहेरी निघून आली. मला हे अडीच वर्षांनी कळलं, दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेले होते तेव्हा. तिला भेटले. ती मला काही बोलली नाही, चहा केला. त्यानंतर मी फॉर्म मराठीत करून घेतला, तो वाचून दाखवते, आणि एक वाक्य आवर्जून बोलते, "हे तुमच्या घरातले आणि गावातले सगळे बघणार आहेत, आणि एडिट लॉक होईपर्यंत तुम्ही मला कधीही फोन करून नको म्हणू शकता." या वाक्यामुळे आजवर चार चांगले इंटरव्ह्यू माझ्या हातून गेलेत. गेले तर गेले.

आता डिरेक्टर कधी होणार याकडे येते.

आपल्याकडे फिक्शनमुळे डिरेक्टर म्हटलं की खुर्चीत बसून अ‍ॅक्शन म्हणणारा माणूस डोळ्यासमोर येतो. फॅक्च्युअलमध्ये, म्हणजे आपल्या माहितीपर कामात, ते तसं नसतंच. इथे डिरेक्टरचं अर्धं काम शूटच्या आधी होतं आणि उरलेलं बरंचसं एडिट टेबलवर, मधे शूट असतं त्यात फार तर पंचवीस टक्के गोष्टी तुझ्या हातात असतात. कुणाशी बोलायचं, कुठल्या दिवशी जायचं, काय विचारायचं, आणि समोर जे घडतंय त्यात खरी गोष्ट कुठली आहे हे ओळखायचं, हे काम डिरेक्टरचं. त्या दिवशी माणमध्ये तुमच्या डिरेक्टरला काहीच घडताना दिसलं नाही. तुला वही दिसली. मे महिन्याच्या उन्हात, रिकामे हंडे रांगेत लावलेले, आणि एकही बाई पुढे घुसत नाहीये, यापेक्षा मोठं काय घडायला पाहिजे होतं? ती वही कुणी सुरू केली, आजारी म्हातारीचा नंबर कोण भरतं, कुणी नंबर मोडला तर काय करतात, ज्या घरात जनावरं आहेत त्यांना जास्त देतात का, आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे वस्तीवरच्या सगळ्या जातीच्या घरांची नावं त्या वहीत आहेत का, आणि असतील तर कुठल्या क्रमाने. हा अर्धा तास आहे गं, पूर्ण अर्धा तास. आकडे बघ, टंचाईत टँकरने पाणी देतात तेव्हा ग्रामीण भागात माणशी रोजचं २० लिटर धरतात, जलजीवन मिशनच्या नळयोजनेत ५५ लिटर धरलेत. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे पाचशे माणसांचा एक दिवस. म्हणजे त्या वहीत त्या बायका अख्ख्या वस्तीचा दिवस वाटून देत होत्या, आणि तो हिशोब त्यांना कुठल्या सरकारी माणसाने करून दिलेला नव्हता.

तुला 'अजून थोडं शिक' म्हणणाऱ्यांचं एका बाबतीत मी ऐकेन मात्र. तू अजून एकही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः नेलेली नाहीस. रिसर्च तुझा, पण स्क्रिप्ट दुसऱ्याची, शूटला तू असतेस पण एडिटला नसतेस, रफ कटवर, म्हणजे पहिल्या कच्च्या एडिटवर, चॅनेलचा माणूस काय बोलला ते तुला दुसऱ्या दिवशी कळतं. हे साडेचार वर्षंच काय, चौदा वर्षं असंच चालू राहू शकतं, मी अशी माणसं बघितलीयेत, अतिशय हुशार रिसर्चर, चाळिशी उलटली तरी दुसऱ्यांच्याच फिल्मसाठी माणसं शोधून देतायत. ब्रिटनमध्ये निदान शिडी ठरलेली असते, रनर, रिसर्चर, असिस्टंट प्रोड्यूसर, मग प्रोड्यूसर-डिरेक्टर, मग सिरीज प्रोड्यूसर. आपल्याकडे शिडीच नाही. दूरदर्शनमध्ये एकेकाळी होती. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीचं मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा प्रोड्यूसर हे रीतसर सरकारी पद होतं, आणि 'आमची माती आमची माणसं'सारखा शेतकऱ्यांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवणारी माणसं त्या चौकटीत तयार झाली. ती चौकट तुझ्या वाट्याला येणार नाहीये, त्यामुळे तुला डिरेक्टर कुणी करणार नाही, तुझ्याकडे दाखवायला एक पूर्ण फिल्म असेल तेव्हाच तू डिरेक्टर असशील. हे कटू वाटेल पण मला हे पंचविशीत कुणीतरी सांगायला हवं होतं.

इथे मला दादासाहेब फाळक्यांचं ते वाटाण्याचं रोप आठवतं. 'राजा हरिश्चंद्र' करायला पैसे कुणी देईना, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं शूट करत महिनाभरात अंकुराचं रोप होताना टिपलं. ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. शाळेत आपण त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, पौराणिक चित्रपट करणारे म्हणून शिकतो पण त्यांची पैसे उभे करणारी फिल्म फॅक्च्युअल होती, एक रोप, एक कॅमेरा आणि महिन्याभराचा धीर! आणि त्याच्याही आधी सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती शूट केली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले त्यांचं स्वागत शूट केलं. म्हणजे हे आपल्याकडचं फार जुनं काम आहे, मराठी माणसांनीच सुरू केलेलं, त्यामुळे बाबांना सांग की ही कुठली परकी आणि नवी फॅशन नाहीये.

तर ऑफर. माझं स्पष्ट मत, आत्ता घेऊ नकोस.

पैसे वाईट म्हणून नाही. महिन्याला २७ हजारांचा फरक म्हणजे वर्षाला सव्वातीन लाख होतात, गोरेगावात रूम शेअर करून राहणाऱ्या मुलीला हा फरक काय असतो हे मला माहितीये, आणि घरी कर्ज किंवा कुणाचं आजारपण असतं तर मी डोळे झाकून घे म्हटलं असतं. रिअ‍ॅलिटी शो हे हलकं कामही नाही, एकाच वेळी दहा-बारा कॅमेरे, शंभर माणसांचं युनिट आणि रात्रीत एपिसोड बाहेर काढायची शिस्त तिथे जशी शिकतात तशी कुठेच शिकत नाहीत. पण तुझ्या पत्रात पैशाची निकड कुठेच लिहिलेली नाही, निकड आहे ती दुसरीच. त्या शोमध्ये तू स्टोरी टीममध्ये जाशील, आणि स्टोरी टीमचं काम बऱ्याचदा तेच असतं जे तुला माणमध्ये करायला लावलं, फक्त रोज आणि जास्त पगारात. तुझ्यातला जो गुण आहे, की अनोळखी बायका तुझ्या शब्दाखातर काहीही करायला तयार होतात, त्याची तिथे फार किंमत आहे, आणि तो तसा वर्षभर वापरला गेला तर पुढे तुझा तुझ्यावरच विश्वास राहणार नाही अशी मला भीती वाटते. शिवाय चौदा-पंधरा तासांच्या शिफ्ट आणि बाहेर काम करायचं नाही ही कॉन्ट्रॅक्टमधली अट, म्हणजे स्वतःची फिल्म विसरायची.

मोठ्या पगारासाठी आणि मोठ्या खुर्चीसाठी हे काम सोडणं कुणाला चुकलेलं नाही. डेव्हिड अ‍ॅटनबरो आपल्याला जंगलात कुजबुजत्या आवाजात बोलणारे म्हणून माहिती, पण ते १९५२ मध्ये बीबीसीत शिरले ते प्रोड्यूसर म्हणून, पडद्यावर आले ते 'झू क्वेस्ट'चा मूळ निवेदक आजारी पडला म्हणून. १९६५ मध्ये ते बीबीसी टूचे प्रमुख झाले, पुढे आणखी वर गेले, आणि मग तो सगळा कारभार सोडून परत फिल्म करायला बाहेर पडले आणि १९७९ मध्ये १३ भागांची 'लाईफ ऑन अर्थ' आली. प्रमुखपदाच्या काळातही त्यांनी स्वतःला अधूनमधून कार्यक्रम करण्याची मुभा मागून घेतली होती. तू कुठेही गेलीस तरी हे एवढं मात्र कर, करारात स्वतःच्या कामासाठी जागा मागून घे.

सध्याच्या ऑफिसमध्ये पगारवाढ माग, ऑफर आलीये हे सांगूनच माग, त्यात कमीपणा नाही. त्याबरोबर एक इन्सर्ट माग, म्हणजे कार्यक्रमात मधे बसणारा छोटा तुकडा, चार मिनिटांचा, जो तू लिहिशील, शूट करशील आणि एडिटला पूर्ण वेळ बसशील. नाही म्हणाले तर निदान एडिटरच्या मागे बसायची परवानगी माग, सुट्टीच्या दिवशी जावं लागलं तरी चालेल. एडिटला बसलं नाही तर डिरेक्टर होताच येत नाही. शूटवर काय विसरतो ते तिथेच कळतं.

आणि स्वतःची फिल्म सुरू कर, वहीची.

थोडं कामाचं बोलते. टीव्हीचा अर्धा तास म्हणजे जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं. तू एका मिनिटासाठी २० मिनिटं शूट केलंस तर सात तास वीस मिनिटांचं फुटेज होतं, तेवढं एक माणूस नीट बघू शकतो, लॉग करू शकतो, म्हणजे कुठे काय आहे त्याची नोंद करू शकतो. ऐंशी तास शूट करून आणू नकोस, नवे लोक करतात, आणि मग ते फुटेज हार्डडिस्कमध्येच म्हातारं होतं. सगळे इंटरव्ह्यू शब्दन् शब्द मराठीत उतरवून काढ, बोलीसकट, "नाय", "व्हतं" सगळं तसंच, आणि मग कागदावर कापून पेपर एडिट कर, मी अजूनही प्रिंट काढून कात्रीने करते. कॅमेरा भाड्याने घेऊ शकत नसशील तर चांगल्या फोनवर कर, पण फोन सेकंदाला ३० फ्रेमवर सेट असतो तो २५ वर आण आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेव, नाहीतर गावातल्या ट्यूबलाईटखाली सगळं लुकलुकेल. पैसे खर्चायचे असतील तर माईकवर खर्च कर. चित्र थोडं हललं तर लोक बघतात, आवाज नीट आला नाही तर उठून जातात. प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता आवाज घे, कुणी न बोलता, टँकरच्या पाईपातून विहिरीत पाणी पडतं तो आवाज, रिकाम्या हंड्यांवर हंडे लागतात तो, आणि पाणी संपल्यावर वस्तीवर जी शांतता होते ती. फुटेजच्या कॉपी दोन डिस्कवर आणि दोन वेगळ्या घरात, एक कराडला ठेव.

निवेदन शेवटी लिही आणि कमी लिही. आपल्या मराठी माहितीपटांना निवेदनाचा सोस आहे, "निसर्गाच्या कुशीत वसलेलं" वगैरे, चित्रात दिसतंय तेच परत सांगायचं. बायका बोलू देत. वहीतली नावं एकीने वाचून दाखवली तर तेच तुझं निवेदन.

पैसे लागतील तर बंगळुरूच्या इंडिया फाऊंडेशन फॉर द आर्ट्सकडे अर्ज करता येतो, भारतीय भाषांमधूनही करता येतो, म्हणजे मराठीत लिही, तुझ्या मराठीत जास्त दम आहे. फिल्म झाली की मुंबईचा मिफ आहे, म्हणजे माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, आणि तिरुवनंतपुरमला डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा महोत्सव असतो. फिल्म नसली तरी मिफला जाऊन दिवसभर बस, मी माझ्या पहिल्या मिफमध्ये सहा दिवसांत जे शिकले ते दोन वर्षांच्या नोकरीत शिकले नव्हते.

एक कायद्याचं लक्षात ठेव. आपल्या कॉपीराईट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता असतो, डिरेक्टर नाही. ऑफिसच्या पैशाने, ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या कॅमेऱ्यावर केलंस तर ते ऑफिसचं. म्हणून ही फिल्म सुट्टीत कर, तुझ्या पैशाने कर, अगदी पेट्रोलच्या पावत्यासुद्धा तुझ्या नावाच्या ठेव. मागच्या शूटमध्ये मिळालेलं कुठलंच फुटेज वापरू नकोस, ते तुझं नाही, आणि तसंही तुला ते नकोच आहे. पुढे फ्रीलान्स झालीस की पहिल्या आठवड्यात उद्यम नोंदणी करून घे, सरकारी साईटवर फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. फ्रीलान्सर लोकांचे पैसे सहा-सहा महिने अडकतात आणि लाजेपोटी कुणी मागत नाही. बिलावर उद्यम नंबर टाकला की आठवण करून द्यायला निदान एक आधार असतो. मेडिक्लेम पण काढ, या महिन्यातच.

बाबांचं. त्यांच्या काळजीला हसू नकोस, ज्या माणसाने पस्तीस वर्षं एक तारखेला पगार घेतलाय त्याला आपलं आयुष्य घाबरवणारच. टीव्ही आता बघतं कोण हा त्यांचा प्रश्न चुकीचाही नाही, लोक फोनवर बघतात, तुझी फिल्मही बहुतेक फोनवरच बघतील. पण माणच्या वस्तीवर पाणी कसं वाटून घेतात हे कुणीतरी जाऊन, नीट बघून, खरं सांगायला लागणारच आहे, पडदा कितीही छोटा झाला तरी. बी.एड.चं भांडण आत्ता घालू नकोस. रफ कट झाला की तो आधी त्यांना दाखव. शिक्षक आहेत, आयुष्यभर मुलांना समजतंय की नाही हे चेहऱ्यावरून ओळखलंय त्यांनी, कुठे कंटाळा येतो आणि कुठे कळत नाही ते ते तुला अचूक सांगतील, आणि तुझं काम काय आहे ते त्यांनाही तेव्हा पहिल्यांदा दिसेल.

आता राहिलं ते सगळ्यात अवघड. त्या बायकांकडे परत जायचं. तुला वाटतं त्या रागावल्या असतील, कदाचित नसतीलही, कदाचित त्यांनी प्रोमो बघून हसून सोडून दिलं असेल, किंवा शेजारच्या गावाने त्यांना चिडवलं असेल, ते तुला गेल्याशिवाय कळणार नाही. कॅमेरा न घेता जा. एसटीने जा, दहिवडीला उतरून पुढे जे मिळेल त्याने. सरळ सांग की मी तुम्हाला भांडायला लावलं ते चुकलं, तुमचं हसणं कापलं ते मला आवडलं नाही. ऑफिसवर ढकलू नकोस, बोलायला तू गेली होतीस. त्यांनी नको म्हटलं तर फिल्म नाही, दुसरा विषय शोधू आपण, मी मदत करेन. हो म्हणाल्या तर त्या दिवशी फक्त बस, पाणी भरायला हात लाव, आणि वही बघायला माग. फोटो काढू नकोस लगेच.

आणि हे मार्च-एप्रिलच्या आत कर, टँकर सुरू व्हायच्या आधी. नंतर त्यांना वेळ नसतो.

वहीत पहिलं नाव कुणाचं होतं ते मला कळव.

तुझी ताई